रंगूनहून आलेला रोल

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या वेशीजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. पाटीवर आमच्या यांचं नाव होतं, कॅमेऱ्यामागे हेच उभे राहत, आणि "हनुवटी खाली, श्वास रोखा" हे यांचं वाक्य गावातली पोरं एकमेकांना म्हणून दाखवत. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की पुढचं काम माझ्याकडे येई. फिल्म धुणं, फोटो छापणं आणि रिटचिंग. माझं आयुष्य त्या डार्करूममध्ये गेलं. बहुतेक गिऱ्हाइकांना हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांना फारसं रुचलं नाही. परक्या बाईने आपल्या तोंडावरून पेन्सिल फिरवली म्हणजे काय!

रिटचिंग आता कोणी करत नाही, म्हणून सांगते. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गोरं ते काळं, काळं ते पांढरं. देवीचा वण तिथे फिकट ठिपक्यासारखा दिसतो. त्या ठिपक्यात बारीक टोकाची पेन्सिल हलक्या हाताने भरायची. छापलं की वण गेला. मी किती नवरदेवांचे वण घालवले आणि किती नवऱ्या उजळ केल्या, त्याला गणती नाही. मयताचे फोटोही येत. घरचे लोक म्हाताऱ्याला आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून खुर्चीत बसवत, आमचे हे फोटो काढत, आणि त्याचे मिटलेले डोळे उघडायचं काम माझ्याकडे. ते ब्रशने, छापलेल्या कागदावर. घरच्यांना तो फोटो हटकून आवडे. "अगदी बोलतील असं वाटतं," म्हणत. मला त्यात वावगं वाटत नसे. फोटो म्हणजे माणसाला हवं तसं दाखवण्याची कला, अशीच माझी समजूत होती.

ती समजूत अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात हलली.

ते संस्थानं विलीन होण्याचे दिवस होते. होळकरांच्या हद्दीतले एक जमीनदार महाराजांचा भला मोठा फ्रेम केलेला फोटो घेऊन आले. म्हणाले, "फ्रेम तीच राहू द्या, आतले महाराज बदला, दिल्लीचे पुढारी घाला." यांनी विचारलं, "जुना फोटो परत न्याल?" जमीनदारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तो खालीच राहू द्या. वरून नवा लावा. काय सांगावं!" आम्ही त्यावर हसलो, पण तसं हसू त्या दिवसांत कमीच. निजामाच्या बाजूने रोज नवी अफवा येई. आज रझाकार अमुक गावात शिरले, उद्या विमानं येणार. वरून एखादं विमान गेलं तरी बाजारातली माणसं हातातलं काम टाकून आकाशाकडे बघत.

अशात एका सकाळी गोविंद मास्तर आले. आमच्याच गावचे. लढाईआधी रंगूनला हिंदी कामगारांच्या मुलांना शिकवत. तिथून पायी, डोंगर-जंगल तुडवत परत आले होते आणि आता इथल्या प्राथमिक शाळेत होते. त्यांनी पिशवीतून मेणाने बंद केलेला पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, यात एक रोल आहे. काढलेला. धुतलेला नाही."

"कधीचा?"

"रंगूनवर बॉम्ब पडले त्या दिवशीचा."

मी डब्याला हातही लावला नाही. म्हणजे साडेसहा वर्षांचा. रंगूनच्या दमटपणातून, पावसातून, आपल्या इकडच्या उन्हाळ्यांतून गेलेला.

"इतकी वर्षं का धुतला नाही?"

"आधी भीती होती. लढाई चालू असताना असले फोटो जवळ सापडले असते तर सरकारने आत टाकलं असतं. नंतर..." मास्तरांनी डबा जवळ ओढला. "नंतर मलाच बघायचं नव्हतं. लोक विमानं बघायला रस्त्यावर आले होते हो वहिनी. जत्रा बघावी तसे. पोरांना खांद्यावर घेऊन. मी वरच्या गॅलरीत होतो, म्हणून वाचलो. तासाभराने कॅमेरा काढला आणि रोल संपवला. का काढले, विचारू नका. कोणी म्हणेल असं झालंच नव्हतं, असं काहीतरी मनात होतं."

"आणि आता?"

"आता खरोखरच कोणी म्हणतंय, असं झालंच नव्हतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते चंद्रभागेला घेऊन आले. खकनारच्या बाजूच्या एका खेड्यातली शेतकऱ्याघरची बाई, तिशीची असेल, पण उन्हाने आणि काळजीने चेहरा वाळलेला. तिचा नवरा पुंडलिक रंगूनला सागवानाच्या वखारीत कामाला होता. लग्नानंतर तीही गेली होती. त्या दिवशी पुंडलिक ट्रामच्या थांब्याशी उभा असताना बॉम्ब पडला आणि तो जागीच गेला. ती तान्ह्या मुलीला, तारेला, घेऊन निर्वासितांबरोबर परत आली. तो थांबा मास्तरांच्या गॅलरीसमोरच होता, आणि तिची गोष्ट कानावर आल्यावरच त्यांनी रोल बाहेर काढला होता.

सासरी कोणी विश्वास ठेवला नाही. तिचा दीर रघुनाथ म्हणे, बॉम्ब बंदरावर पडले, पेपरात तसंच होतं, रंगून शहरात पडलेच नाहीत. भाऊ आजारी असेल, नाहीतर जखमी असेल, ही त्याला तिथे टाकून पळून आली. सासू मथुराबाई काहीच म्हणत नसे, फक्त मुलाची वाट बघत असे. चंद्रभागेला घरात ठेवलं ते तारेसाठी. आणि आता रघुनाथने पाटलाकडे विषय काढला होता: भाऊ येईपर्यंत पोरगी आमची, या बाईने आपल्या माहेरी जावं. नवऱ्याला सोडणारी पोरीला काय सांभाळणार?

"माहेरी कोनी नाई बाई मले," चंद्रभागा म्हणाली. "आनि असतं तरी तारीले टाकून कशी जाऊ?"

"तू त्या दिवशी काय केलंस, ते नीट सांग," मी म्हटलं.

"काय करनार? बसली. ऊन चढलं. त्याच्या तोंडावर माश्या बसे. बाजूले छत्र्यावाल्याचं दुकान पडेल होतं, त्याची पाटी होती लाकडाची. छत्री काढेल होती तिच्यावर. ती उचलली नि त्याच्या अंगावर धरली. सावलीले. अंधार पडेपर्यंत बसली. मंग लोकांनी ओढून नेलं मले."

"हे सासरी सांगितलंस?"

"आल्या दिवशीच सांगितलं. सारे हसले. म्हने, मेलेल्या मानसाले छत्री धरते का कोनी?"

तेवढ्यात वरून विमान गेलं. उंचावरून, साधंच. चंद्रभागेने माझा हात धरला आणि मला काही समजायच्या आत टेबलाखाली बसून मलाही खाली ओढलं. आवाज विरून गेला तरी हात सुटेना. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मास्तरही भिंतीला पाठ लावून उभे होते, कपाळावर घाम.

टेबलाखाली बसल्या बसल्याच ती कुजबुजली, "बाई, मी पान्याले गेलती. तारी रडे म्हनून. दोन खेपा गेली. मास्तरनं त्याच वख्ताले फोटो काढला असंन तं?"

ती दिवसभर बसली होती. कॅमेऱ्याने त्यातला डोळ्याचं पातं लवण्याइतका काळ उचलला होता. त्या क्षणी ती जागेवर नसली, तर फोटोत एकटा पडलेला पुंडलिक दिसणार. आणि तेच रघुनाथला हवं होतं. खरी बाई फोटोने खोटी ठरणार.

ती गेल्यावर मी यांना म्हटलं, "रोल खराब झाला म्हणून सांगू या का?"

"झाला असेलही," हे म्हणाले. "पण धुतल्याशिवाय तुला कसं कळणार?"

"आणि ती त्यात नसली तर?"

हे म्हणाले, "तिला विचार."

मी विचारलं. चंद्रभागा म्हणाली, "धुवा. मी नसली तरी तो तं दिसंन."

बुऱ्हाणपूरच्या वैशाखात फिल्म धुणं हे धाडसाचं काम असे. फिल्मवरचा थर सरसासारखा असतो. पाणी कोमट झालं की मऊ पडतो, आणखी तापलं तर दुधावरच्या सायीसारखा सुटून येतो. चित्र ताटलीत वाहून गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. लग्नाचा फोटो गेला तर नवरानवरीला पुन्हा बसवता येतं. इथे पुन्हा कोणाला बसवणार होते?

लालबागेत स्टेशनवर भुशात गुंडाळलेला बर्फ येई, तो हे टांग्यातून घेऊन आले. पाणी कुंडीचं, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या बादशाही नळांचं, आणलं, ते उन्हाळ्यातही गार असतं. मी पहाटे अंघोळ करून डार्करूममध्ये गेले. सवयीने देवाला हात जोडले, पण काय मागावं ते ठरेना. मास्तर आणि चंद्रभागा बाहेरच्या बाकावर बसले होते.

डबा उघडला तेव्हा कुबट वास आला. रोल थोडा चिकटला होता. ओढला असता तर गेलाच असता, म्हणून गार पाण्यात सोडला आणि वाट बघितली. हळूहळू तो आपला आपण सैल झाला. मग मसाल्याच्या पाण्यात घातला. जुन्या फिल्मला लाल दिवा चालत असे, त्यामुळे चित्र येताना दिसे. दोन्ही हातांत फिल्मची टोकं धरून मी ती पाण्यातून खालीवर करत राहिले. सुरुवातीची चित्रं नुसती काळी पडली. काही नाही. धूर असेल, नाहीतर दमटपणाने खाल्लेलं. पुढचं चित्र तिरकं, नुसतं छप्पर. त्यापुढच्या तुकड्यावर काहीतरी उठायला लागलं. एक रेघ, विजेचा खांब. मग थांब्याचं मोडकं छत. मग खाली, रस्त्यावर, आडव्या पडलेल्या आकृत्या. आणि त्यांतल्या एकीजवळ काहीतरी उभट.

माणूस की खांब, ते निगेटिव्हवर कळेना. बर्फ विरघळत आला होता. चित्र थोडं आणखी गडद व्हायला हवं होतं, पण थांबले तर थर सुटायची भीती. मी आणखी थोडा धीर धरला आणि मग उचलून पक्कं करणाऱ्या पाण्यात घातलं. आयुष्यात इतक्या फिल्मा धुतल्या, पण श्वास रोखला तो त्याच वेळी.

फिल्म वाळल्यावर छापायला घेतली. पहिला कागद ओलाच बाहेर आणला. चंद्रभागा उठली नाही. मास्तरांनी कागद पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

रस्त्यावर माणसं पडली होती. एक पालथा, एक कुशीवर, भिंतीशी आणखी कोणी. ट्रामच्या थांब्याशी एक जण उताणा, आणि त्याच्या डोक्याशी नऊवारी नेसलेली बाई पोर मांडीवर घेऊन बसलेली. चेहरा हललेला, ओळखू न येणारा. पण तिने दोन्ही हातांनी एक पाटी धरली होती आणि पाटीवर उघडी छत्री रंगवलेली होती. मास्तरांनी तो फोटो काढला तेव्हा ती बाई कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो रोल त्यांच्या ट्रंकेत होता आणि ती अडीच-तीन तासांच्या वाटेवर टोमणे खात होती.

मी कागद चंद्रभागेपुढे धरला. तिने छत्रीवर बोट ठेवलं, लगेच उचललं. ओल्या कागदावर डाग पडेल, असं तिला वाटलं असावं.

"मी होती," ती म्हणाली. एवढंच. मग म्हणाली, "त्याचं तोंड झाका ना बाई थोडं. मामी पाहीन." मामी म्हणजे तिची सासू.

पुंडलिकाच्या चेहऱ्याची एक बाजू राहिली नव्हती. ते मला करता आलं असतं. मेलेल्यांचे डोळे उघडणाऱ्या माझ्या हाताला ते काहीच नव्हतं. झोपल्यासारखा दाखवला असता. मी ब्रश घेतलाही. पण मास्तर म्हणाले, "वहिनी, एक ठिपका जरी लावलात तरी सगळा फोटो खोटा." ते बरोबर होतं. मी ब्रश धुऊन ठेवला, आणि चंद्रभागेकडे बघायचं टाळलं.

पाटलाच्या ओसरीवर आम्ही सगळे गेलो. हे, मास्तर, मी आणि चंद्रभागा. मथुराबाई दाराशी बसली होती, कोणाकडे न बघता. पाटलाने फोटो हातात घेतला, पाहिला, रघुनाथकडे दिला. रघुनाथने पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. पण क्षणात सावरला.

"पाटील, या बाईचं काम मालूम आहे ना?" त्याने माझ्याकडे बोट केलं. "माझ्या लग्नाचा फोटो इनंच बनवला. माझ्या तोंडावर देवीचे वन आहेत, फोटोत एक नाई. जी वन काढते तिले छत्री काढनं काय मुश्कील?"

ओसरीवर हशा झाला. आणि मला राग आला नाही, उलट धडकीच भरली, कारण तो म्हणाला ते खोटं नव्हतं. मी निगेटिव्ह बरोबर आणली होती. पेन्सिल फिरवलेली निगेटिव्ह तिरपी धरली की त्या जागी चकाकते, ही कुठे चकाकत नाही, असं मी सांगितलं. पाटलाने ती उजेडाकडे धरली, तिरपी केली, डोळे बारीक केले आणि परत दिली. "आमाले काय समजते बाई यातलं," तो म्हणाला. खरंच होतं. माझ्या शब्दावरच विश्वास ठेवायचा, तर मग चंद्रभागेच्या शब्दावर का नको? मास्तरही बोलले, पण रघुनाथ म्हणाला, मास्तर तिच्या बाजूचे. चंद्रभागा खांबाला धरून उभी होती.

"इकडे आना," दारातून आवाज आला.

मथुराबाईने फोटो मागितला होता. मी यांच्या खिशातलं भिंग तिला दिलं. म्हातारीने फोटो मांडीवर ठेवला आणि भिंग मागेपुढे करत शोधत राहिली. रघुनाथ म्हणाला, "माय, तू नको पाहू." तिने ऐकलं नाही. भिंग एका जागी थांबलं. तिथे तिचा मुलगा होता. मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली नाही. भिंग थोडं वर सरकलं.

"ही छत्री," ती म्हणाली. "हे इनं मले पयल्याच दिवशी सांगितलं होतं. सहा सालं झाली. तवा कुठी होती ही फोटोवाली? तवा कुठी होता मास्तर?" मग रघुनाथकडे वळून, "फोटो आता बनवला असंन रे. पन हिनं तं तवाच सांगितलं होतं ना?"

रघुनाथ उठून अंगणाबाहेर गेला, आणि तिथे भिंतीकडे तोंड करून रडला. तो भावाची वाट बघत होता, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी त्याला नुसता दुष्ट समजत होते.

मथुराबाईने चंद्रभागेला जवळ बसवलं. "किती येळ बसली होतीस?"

"अंधार पडेपर्यंत, मामी."

"खाल्लं होतं का काई?"

चंद्रभागेने नाही म्हणून मान हलवली. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. मग दोघी रडायला लागल्या आणि पाटलाने सगळ्यांना हाताने ओसरीवरून उठवलं. तारेला आईपासून तोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

निघताना मी म्हातारीला म्हटलं, "आजी, घरात ठेवायला यातला पुंडलिकाचा आणि चंद्रभागेचा तेवढा भाग मोठा करून देते. बाकीचं कापून टाकते."

"बाकीचं म्हंजे?"

मी दाखवलं. पालथा पडलेला, कुशीवरचा, भिंतीशी असलेला. तिने भिंग परत मागून घेतलं आणि एकेकावर थांबत गेली. "यायच्या माया बी वाट पाहत बसल्या असतीन कुठी. कापू नको पोरी. राहू दे."

मास्तरांनी पुढे त्या फोटोच्या प्रती खानदेश-वऱ्हाडातल्या रंगूनहून परतलेल्या लोकांना दाखवल्या. ते लोक स्टुडिओतही येत. फोटोवरून बोट फिरवत शोधत आणि ओळखीचं कोणी दिसलं नाही की सुटका झाल्यासारखे खाली बसत. त्या बाकीच्यांना कोणी ओळखलं नाही. मी मोठा करून पाहिला, पण फोटो वाढवला की चेहरा उमटत नाही, नुसते दाणे मोठे होतात. तेवढी खंत राहिली.

पुंडलिकाचं क्रियाकर्म पावसाळ्याआधी तापीच्या घाटावर झालं. देह नव्हता, म्हणून दर्भाचा माणूस करून विधी केला. आम्ही गेलो होतो. पुंडलिकाचा पिंड ठेवून झाल्यावर मथुराबाईने भटजींना थांबवलं आणि आणखी पिंड ठेवायला सांगितले.

"कोणासाठी?" भटजींनी विचारलं. "नाव सांगा, गोत्र सांगा."

म्हातारीने पदराखालून फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"नाव नाई मालूम," ती म्हणाली. "हे पाहा. हे."